कार्प मासेमारीचं बारीक सामान कसं निवडायचं: गळ, स्विवेल, क्लिप, शिसं (मराठवाड्यातल्या नवीन मंडळींसाठी)

नमस्कार मित्रांनो. आपल्याकडे जायकवाडी, येलदरी, माजलगाव, मांजरा, विष्णुपुरी, एवढं सगळं पाणी आहे आणि त्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस भरपूर, त्यामुळं अलीकडं बरीच नवीन पोरं रॉड घेऊन बसायलेत. चांगली गोष्ट आहे. पण बघतो काय तर रॉड भारी, रील भारी, आणि त्याच्या शेवटाला जे लावलंय ते जत्रेतल्या खेळण्याच्या दुकानात मिळतं त्या दर्जाचं. गळ मऊ, स्विवेल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी) गंजलेला, शिसं थेट दोऱ्याला गाठ मारून बांधलेलं. मग चार-पाच किलोचा मासा लागला की त्या शेवटच्या फूटभरात काहीतरी तुटतं किंवा सरळ होतं, मासा जातो, आणि जाताना तोंडात गळ आणि मागं शिसं ओढत जातो. हे दुसरं मला जास्त लागतं. म्हणून हा लेख, की बारीक सामान घेताना काय बघायचं, घरी कसं तपासायचं, आणि रिग, म्हणजे दोऱ्याच्या शेवटाची गळ-स्विवेल-शिशाची सगळी बांधणी, अशी कशी करायची की तुटलीच तर मासा मोकळा झाला पाहिजे.

सगळं ब्रँडेडच घ्या असं मी म्हणत नाही. काही गोष्टी महागच घ्याव्या लागतात, काही घरच्या घरी होतात. कुठलं काय ते पुढं सांगतो.

१. आधी मासा कोणता आणि पाणी कसलं ते ठरवा

सामान निवडायच्या आधी माशाचं तोंड बघा. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प, तळातला मासा, तोंडाला दोन जोड्या मिशा, तोंड नळीसारखं पुढं काढून चिखलातलं खाणं ओढून घेतो आणि नको असेल ते परत थुंकतो. मृगळ पण तळातलाच. रोहू मधल्या थरात जास्त फिरतो, त्याचं तोंड खालच्या बाजूला, ओठ मांसल आणि झालरीसारखे. कटला वरच्या थरातला, डोकं मोठं, तोंड वर वळलेलं आणि चांगलं रुंद. या कुणाच्याच जबड्यात दात नसतात, दात असतात ते घशात, त्यामुळं दाणा आत घेऊन घशाजवळ नेईपर्यंत मासा तो चाचपत असतो आणि संशय आला की बाहेर टाकतो. आपला सगळा खेळ त्या ओढणं-थुंकणं याच्या मधल्या क्षणावर आहे, आणि बारीक सामान तिथंच कामाला येतं.

आता पाणी. आपल्या धरणांचा तळ म्हणजे एक तर काळ्या मातीचा गाळ नाहीतर काळा बेसाल्ट दगड. दगडाच्या कडा दोरा कापतात. जायकवाडीचं धरण १९७६ साली पूर्ण झालं, त्याच्या पाण्याखाली शेतांचे बांध, विहिरी, बाभळीची खोडं असं बरंच काही गेलंय, वर तुटलेली जुनी जाळी पण अडकलेली असतात. म्हणजे रिग अडकणार हे धरूनच चालायचं. इंग्लंडातल्या स्वच्छ तळ्यावरचे व्हिडिओ बघून नाजूक सामान मागवलं तर इथं टिकत नाही.

२. परवानगी आणि सोबतचे कागद

हे आधी सांगतो कारण सामान घेऊन काठावर गेल्यावर वाद होतात. महाराष्ट्रात धरण-तलावातला मासेमारीचा हक्क शासनाकडून बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेला असतो. त्या पाण्यावर भोई बांधवांचं पोट आहे. तेव्हा पहिलं काम, त्या संस्थेच्या चेअरमनला किंवा काठावरच्या जाळेवाल्या मामांना भेटायचं, नीट विचारायचं, गळ टाकायची परवानगी घ्यायची, फी असेल तर भरायची आणि पावती घ्यायची. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, परिसर पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनविभागाचे नियम वेगळे, त्यांना विचारल्याशिवाय काठावर बसू नका. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांच्या खाली तर कुठंच नाही. पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ वाहत्या पाण्यात अंडी घालायला चढतात, त्या काळात गळ बाजूला ठेवा.

सोबत ठेवा: संस्थेची पावती किंवा परवानगीचा कागद, आधार कार्डाची झेरॉक्स, संस्थेच्या एका माणसाचा फोन नंबर. बस एवढं.

३. गळ: इथं पैसे वाचवू नका

सगळ्या रिगमध्ये एकच गोष्ट महाग घ्यायची असेल तर गळ घ्या. मस्टॅड ही नॉर्वेची जुनी कंपनी, ओनर आणि गामाकात्सू जपानच्या, कोर्डा, फॉक्स, नॅश या इंग्लंडच्या खास कार्पवाल्या. यातलं काहीही चालेल, फक्त माल खरा पाहिजे.

नंबरचा घोळ आधी समजून घ्या, नवीन माणूस इथंच फसतो. साधा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. म्हणजे ८ नंबर हा ४ नंबरपेक्षा लहान. आणि १/०, २/० असं लिहिलं असेल तर ते उलटं, पुढचा आकडा वाढला की गळ मोठा. त्यात परत प्रत्येक कंपनीचा ६ नंबर दुसऱ्या कंपनीच्या ६ नंबरसारखा नसतो, तेव्हा नंबर बघून नाही, आमिषाशी मापून घ्या. एक-दोन मक्याचे दाणे असतील तर ८ किंवा ६. शेंगदाणा किंवा मोठी बॉयली (उकडलेल्या पिठाची घट्ट गोळी) असेल तर ६ किंवा ४. कटल्यासाठी पिठाचा मोठा गोळा असेल तर २ नंबरपर्यंत जायला हरकत नाही, त्याचं तोंडच मोठं आहे.

आकार: सुरुवातीला वाइड गेप घ्या, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यामध्ये रुंद जागा असलेला. सगळ्या प्रकारच्या आमिषाला चालतो. कर्व्ह शँक वगैरे नंतर बघा. गळाचा डोळा, म्हणजे दोरा बांधायचं भोक, आत वळलेला असेल तर मऊ ब्रेडच्या (braid, वेणीसारख्या विणलेल्या) दोऱ्याला चांगला, सरळ किंवा बाहेर वळलेला असेल तर कडक फ्लुरोकार्बनच्या दोऱ्याला. उलटं केलं तर गळ नीट फिरत नाही, एवढंच लक्षात ठेवा.

आता तपासणी. पाकीट उघडल्यावर एक-एक गळ हातात घेऊन हे बघा:

टोक. अंगठ्याच्या नखावर टोक अलगद टेकवून ओढा, जोर लावायचा नाही. नखावर अडकलं, ओरखडा उठला तर धार आहे. घसरून गेलं तर तो गळ बाजूला टाका. पाण्यात दगडावर घासल्यावर टोक वळतं, म्हणून प्रत्येक वेळी रिग बाहेर काढली की ही नखाची परीक्षा परत करायची. आळस करू नका, बोथट गळाला मासा ओढतो, दोनदा डोकं हलवतो आणि जातो, आपल्याला वाटतं मासा लहान होता.

डोळा. तार वळवून डोळा केलेला असतो, ती तार जिथं दांडीला येऊन मिळते तिथं फट राहिली का बघा. उजेडाकडं धरून बघा. स्वस्त गळात हमखास फट असते आणि बारीक दोरा त्या फटीत जाऊन कापला जातो. दोरा तुटून आला आणि टोकाला कुरतडल्यासारखं दिसलं तर दोऱ्याला दोष देण्याआधी डोळा बघा.

तार. पक्कडीत दांडी धरा आणि गळाचा वाकडा भाग लाकडाच्या कडेला अडकवून हळूहळू ओढा. चांगल्या स्टीलचा गळ थोडा उघडतो आणि सोडलं की परत जागेवर येतो. मऊ गळ उघडतो आणि उघडाच राहतो. कडकडीत जळलेला गळ काटकन तुटतो, तो तर सगळ्यात वाईट. पाकिटातला एक गळ या परीक्षेसाठी खर्ची घाला, बाकीचे वाचतील. हे करताना डोळ्यावर चष्मा पाहिजे, साधा गॉगल पण चालेल, तुटलेलं टोक कुठं उडेल सांगता येत नाही.

काटा, म्हणजे टोकाजवळचा उलटा बार्ब. मासा सोडून देणार असाल तर बारीक बार्बवाला घ्या नाहीतर पक्कडीनं बार्ब दाबून टाका. दोरा ताणलेला ठेवलात तर बार्ब दाबलेल्या गळावरून पण मासा सुटत नाही, आणि तुमच्या बोटात घुसला तर काढायला सोपा जातो. गावाकडं दवाखाना लांब असतो हे विसरू नका.

४. दोरा: पाकिटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका

तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घेताना पाकिटावर दोन आकडे असतात, जाडी मिलिमीटरमध्ये आणि ताकद किलो किंवा पाउंडात. १ पाउंड म्हणजे साधारण ०.४५ किलो, म्हणजे १५ पाउंड म्हणजे ६.८ किलो, २५ पाउंड म्हणजे ११ किलोच्या थोडं वर. नायलॉनचा ०.३० मिमी दोरा साधारण ५ ते ६ किलोला तुटतो, ०.३५ चा ८ किलोच्या आसपास. आता कुणी ०.३० मिमी वर २० किलो लिहिलं असेल तर दोनच शक्यता, एक तर ताकद खोटी नाहीतर जाडी खोटी. दोन्हीत नुकसान तुमचंच.

मेन लाइन, म्हणजे रीलवरचा मुख्य दोरा, आपल्या दगडी तळासाठी ०.३५ मिमी नायलॉन ठीक. ब्रेड मेन लाइनला नवीन माणसानं वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, ती ताणत नाही त्यामुळं माशाचा झटका थेट गळावर आणि ओठावर येतो, आणि बेसाल्टच्या कडेवर ती नायलॉनपेक्षा लवकर कापली जाते.

गळाला लावायचा छोटा दोरा, ज्याला हुकलिंक म्हणतात, तो साधारण वीतभर, १५ ते २० सेंटिमीटर. तळ गाळाचा असेल तर थोडा लांब ठेवा. मऊ ब्रेडची हुकलिंक माशाच्या तोंडात सहज जाते, पण फेकताना गुंता होतो. फ्लुरोकार्बन पाण्यात दिसायला कमी, बुडतो पण लवकर, आणि दगडाला दाद देत नाही, पण कडक असतो आणि गाठ नीट ओली करून आवळली नाही तर गाठीतच तुटतो. माझी शिफारस, गाळात ब्रेड, दगडात फ्लुरोकार्बन. आणि हुकलिंक कायम मेन लाइनपेक्षा थोडी कमी ताकदीची ठेवा, म्हणजे तुटलंच तर गळाजवळ तुटेल, माशाच्या मागं पन्नास मीटर तंगूस लटकणार नाही.

५. स्विवेल

स्विवेलचं काम एकच, फिरणं. दोऱ्याला पीळ पडू द्यायचा नाही. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो तो पिवळा पितळी बॅरल स्विवेल, तो मोकळा असताना फिरतो पण ओढ आली की अडकून बसतो. रोलिंग स्विवेल घ्या, ओढीखाली पण फिरतो. तपासायचं सोपं आहे, दोन्ही कड्यांत दोऱ्याचे तुकडे बांधा, पाण्यानं भरलेली बाटली एका बाजूला लटकवा आणि बाटलीला गिरकी द्या. वरचा दोरा पिळला नाही तर माल चांगला.

कार्पसाठी ८ नंबरचा स्विवेल जवळपास सगळीकडं चालतो. इथं पण नंबर मोठा म्हणजे वस्तू लहान. लीड क्लिप (शिसं अडकवायची क्लिप, पुढं सांगतो) वापरणार असाल तर ८ नंबरच लागतो, कारण बहुतेक क्लिपा त्याच मापाच्या असतात.

आणि कडी बघा. कडीच्या तारेचं टोक बाहेर आलेलं असेल, खरखरीत असेल तर तो स्विवेल नको. गंजाचा ठिपका असेल तर नको. स्नॅपवाला, म्हणजे सेफ्टी पिनसारखा उघडणारा स्विवेल कार्पला मी लावत नाही, मोठा मासा आडवा फिरला की ती पिन उघडते.

६. शिसं आणि लीड क्लिप: यावर सगळ्यात जास्त लक्ष द्या

शिशाचं वजन कशाला पाहिजे ते आधी. हेअर रिग म्हणजे ज्यात आमिष गळावर न टोचता गळाच्या बाहेर छोट्या दोऱ्यावर, हेअरवर, लावतात. १९८० च्या आसपास इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी ही पद्धत पुढं आणली आणि कार्पची मासेमारी तिथून बदलली. मासा दाणा ओढतो, त्याच्यामागं मोकळा गळ आत जातो, थुंकायला गेला की टोक खालच्या ओठाला लागतं, मासा दचकून पळतो आणि जड शिशाच्या वजनानं गळ आपोआप रुततो. म्हणून शिसं जड पाहिजे, ७० ते १०० ग्रॅम. २० ग्रॅमच्या शिशावर हेअर रिग लावून लोक म्हणतात की चालत नाही. ती चालणारच नाही.

आता जड शिसं म्हणजे जबाबदारी. ते दोऱ्याला पक्कं बांधलं आणि मेन लाइन वर कुठंतरी तुटली, तर मासा ते शंभर ग्रॅम ओढत फिरतो, बाभळीच्या फांदीत किंवा जुन्या जाळ्यात अडकतो आणि तिथंच मरतो. हे टाळायला लीड क्लिप असते. प्लास्टिकचा छोटा तुकडा, त्याच्या एका पायावर शिसं अडकवायचं, त्यावर मागून टेल रबर सरकवायचं. ओढ आली की रबर मागं सरकतं, शिसं गळून पडतं, मासा सुटा.

क्लिप घेताना तीन सापळे आहेत.

पहिला, क्लिप एका कंपनीची आणि स्विवेल दुसऱ्याचा. स्विवेल क्लिपमध्ये टक आवाज करून बसला पाहिजे आणि क्लिपसोबत येणारी छोटी पिन आरपार गेली पाहिजे. नाही बसला तर क्लिप दोऱ्यावर मागंपुढं सरकते आणि शिसं गळत नाही. शक्यतो दोन्ही एकाच कंपनीचं, एकाच पाकिटातलं घ्या.

दुसरा, टेल रबर जोरात दाबून बसवणं. फेकताना शिसं पडू नये म्हणून लोक रबर गच्च ढकलतात, मग ते कधीच सुटत नाही. निम्म्यापर्यंतच सरकवा. घरी एका हातात शिसं आणि एका हातात दोरा धरून झटका द्या, सुटलं पाहिजे. नाही सुटलं तर अजून मागं घ्या. मग अंगणात दोन-चार वेळा फेकून बघा की हवेत सुटत नाही ना. या दोन्हीच्या मधली जागा सापडली की तिथं रबरावर मार्करनं खूण करून ठेवा.

तिसरा, स्वस्त क्लिपचं प्लास्टिक. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो, गाडीच्या डिकीत तर भट्टी. हलकं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि क्लिपचा पाय फेकतानाच मोडतो, शंभर ग्रॅम शिसं सुसाट कुठंही जातं. नवीन क्लिपचा पाय बोटानं वाकवून बघा, लवचिक असेल तर ठेवा, पांढरी रेष उमटली तर टाका.

क्लिप मिळाली नाही तर? आपल्या लहान गावात मिळतच नाही बहुतेक. मग हे करा: स्विवेलच्या कडीला दोन-तीन किलो ताकदीच्या बारीक तंगूसाचा दहा सेंटिमीटरचा तुकडा बांधा आणि त्याला शिसं. अडकलं की तो बारीक तुकडा तुटतो, बाकी सगळं परत येतं. क्लिपइतकं नीटनेटकं नाही पण काम तेच करतं. फेकताना मात्र काठी झटक्यानं मारू नका, झुलवून फेका, आणि मागं-पुढं कुणी उभं नाही ना ते बघा.

शिशाबद्दल अजून एक. ब्रिटनमध्ये १९८७ पासून गळाच्या मासेमारीत ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम या मापातल्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, कारण राजहंस ते खडे समजून गिळत होते आणि विषबाधेनं मरत होते. आपल्या नाथसागरावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकं उतरतात, तळाचा चिखल चाळून खातात. तेव्हा छोटे शिशाचे छर्रे वापरायचेच नाहीत. मोठ्या वजनासाठी जुना लोखंडी नट घेतला तर उत्तम, बारीक तंगूसाच्या तुकड्याला तो छान बांधला जातो, गंजतो पण विष सोडत नाही. आणि शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका, दातानं शिसं दाबायची सवय असेल तर आजच सोडा.

७. मणी, रबर, ट्यूब, स्टॉपर, सुई

इथं पैसे वाचवता येतात. मणी रबराचा पाहिजे, कडक प्लास्टिकचा किंवा काचेचा नको, तो गाठीवर आपटून गाठ खराब करतो. सिलिकॉन ट्यूब बारीक घ्या, हेअर गळाच्या दांडीला धरून ठेवायला दोन मिलिमीटरचा तुकडा पुरतो. हुकलिंक स्विवेलला जोडते तिथं निमुळतं रबर, अँटी टँगल स्लीव्ह, लावलं तर फेकताना गुंता कमी होतो.

आमिष अडवायचा स्टॉपर विकत घ्यायची गरज नाही, खराट्याच्या काडीचा मुगाएवढा तुकडा चालतो. आमिषात हेअर ओवायच्या सुईच्या जागी सगळ्यात बारीक नंबरची क्रोशाची सुई चालते, घरात आई-आजीकडं असतेच, विचारून घ्या. मका किंवा शेंगदाणा मात्र रात्रभर भिजवून नीट शिजवलेला पाहिजे, कच्चा दाणा सुईनं फुटतो आणि माशाच्या पोटातही फुगतो.

८. तयार सेट आणि गुच्छे

दुकानात तयार सेट टांगलेले असतात, मध्ये स्प्रिंग, भोवती चार-सहा गळ, स्प्रिंगवर पिठाचा गोळा दाबायचा. कटल्याला लोक हेच वापरतात आणि मासा लागतो पण. तरी माझं म्हणणं ऐका, सहा गळांचा गुच्छा नका लावू. मासा एका गळाला तोंडानं लागतो आणि बाकीचे गळ त्याच्या डोळ्यात, गालफडात, पोटाला रुततात, सोडायचा म्हटला तरी जगत नाही. काढताना आपल्या हातात घुसतात ते वेगळंच.

स्प्रिंग चांगली आहे, ती ठेवा. तिच्या तारेची टोकं कानशीनं घासून गोल करा, सेटमधले गळ आणि त्यांचा दोरा सगळा कापून टाका, कारण तो दोरा कुठल्या ताकदीचा कुणालाच माहीत नसतो. त्याजागी वर सांगितलेल्या पद्धतीची एक हुकलिंक, फार तर दोन, लावा. स्प्रिंगवर पेंड-कणकेचा गोळा, हेअरवर मक्याचे दाणे. सायप्रिनस आणि रोहू दोन्हीला हे चालतं.

९. गाठ

एक हेअरची गाठ आणि एक स्विवेलची गाठ, दोनच शिका पण अंधारात मारता आल्या पाहिजेत.

हेअरसाठी नॉटलेस नॉट. दोऱ्याच्या टोकाला छोटा फास करा, तो हेअर. दुसरं टोक गळाच्या डोळ्यातून पाठीकडून, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजूनं, घाला. आमिष आणि गळाचा बाक यात पाच ते दहा मिलिमीटर अंतर राहील एवढा हेअर ठेवून दांडीवर सात-आठ वेढे घ्या आणि टोक परत डोळ्यातून पाठीकडूनच घाला. हे शेवटचं चुकतं बहुतेकांचं. पुढून घातलं तर गळ ओढीखाली वळत नाही, ओठाला टोक लागत नाही, आणि माणूस दिवसभर आमिष बदलत बसतो.

स्विवेलला पालोमार किंवा ग्रिनर. कुठलीही गाठ आवळायच्या आधी थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करा. कोरडी आवळली की घर्षणानं दोरा गरम होऊन तिथंच अशक्त होतो. उरलेलं टोक दोन मिलिमीटर ठेवून कापा.

१०. घरी ओढ-चाचणी

बॅग मोजायचा हातातला डिजिटल काटा घ्या, ऑनलाइन सहज मिळतो, मासा मोजायला पण तोच होतो. एका टोकाला पूर्ण बांधलेल्या रिगचा गळ पक्कडीत धरा, दुसऱ्या टोकाला काटा अडकवा, चष्मा घाला, आणि हळूहळू ओढत जा. आकडा बघत राहा. हुकलिंक ७ किलोची आहे आणि ३ किलोलाच सुटली तर बघा कुठं सुटली. गाठ सरकली असेल तर गाठ सुधारा. गाठीतून तुटली तर कोरडी आवळलीय. गळ उघडला तर गळाचं अख्खं पाकीट बाद. स्विवेलची कडी उघडली तर तेच. गाठीमुळं थोडी ताकद कमी होणारच, आणि नायलॉन पाण्यात भिजल्यावर अजून थोडा नरम पडतो, तेव्हा दोरा तासभर पाण्यात ठेवून मग चाचणी केली तर खरा आकडा मिळतो.

ही चाचणी प्रत्येक नवीन पाकिटाला एकदा करायची.

११. खरेदी करताना

आपल्याकडं जिल्ह्याच्या गावाला सुद्धा कार्पचं खास सामान कमीच मिळतं, त्यामुळं ऑनलाइनवर भिस्त. ऑनलाइन शंभर नगांचं पॅक कधी पहिल्यांदा मागवू नका. आधी छोटं पाकीट, तपासा, पटलं तर मोठं. नामवंत कंपनीचा माल निम्म्या किमतीत कुणी देत असेल, पाकिटावर छपाई पुसट असेल, स्पेलिंग चुकलेलं असेल, गळ मोकळे पिशवीत टाकलेले असतील तर परत पाठवा. एका पाकिटातले दहा गळ ओळीनं कागदावर ठेवा, डोळा आणि बाक सगळ्यांचा सारखा दिसला पाहिजे. ‘कार्प किट दोनशे नग’ अशा डब्यांत मणी, रबर, ट्यूब वापरण्यासारखं असतं, त्यातले गळ, स्विवेल आणि क्लिप मात्र तपासल्याशिवाय पाण्यात नेऊ नका.

पहिल्यांदा लागणारं सामान एवढंच: ६ नंबरचे गळ एक पाकीट, ८ नंबरचे गळ एक पाकीट, ८ नंबरचे रोलिंग स्विवेल, त्याच कंपनीच्या लीड क्लिप आणि टेल रबर, ब्रेड हुकलिंक एक रीळ, रबरी मणी, बारीक सिलिकॉन ट्यूब, ८०-९० ग्रॅमची चार वजनं, क्रोशाची सुई, पक्कड, कात्री, वजनकाटा.

१२. सांभाळ

गळ ओले ठेवू नका. घरी आलं की वापरलेले गळ पुसून सावलीत वाळवा, डब्यात तांदळाचे चार दाणे किंवा सिलिका जेलची पुडी टाका. तंगूस आणि रबर उन्हापासून लांब ठेवा, उन्हानं नायलॉन कुजतं, रबर चिकट होतं. गाडीच्या डॅशबोर्डवर रीळ ठेवू नका. मेन लाइनचा शेवटचा दोन मीटर भाग प्रत्येक वेळी दोन बोटांतून ओढून बघा, खरखरीत लागला तर तेवढा कापून टाका, हुकलिंक तर मोठा मासा लागल्यावर बदलायचीच. कापलेला तंगूस काठावर टाकायचा नाही, बगळ्याच्या पायात आणि गुराच्या तोंडात जातो, खिशात घालून घरी आणा, बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका.

कुणाला रिग बांधताना अडलं तर बांधलेल्या रिगचा जवळून फोटो काढून ठेवत चला, गळाचा डोळा आणि स्विवेल दोन्ही दिसले पाहिजेत, म्हणजे जाणत्या माणसाला दाखवल्यावर तो लगेच सांगू शकतो काय चुकलंय ते.